सही कुणाची, मरण कुणाचं

फलक लावून झाला असेल, पेढे खाऊन झाले असतील, तर आता बोलू.

हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या वस्तीतला एक पोरगा मायनिंग इंजिनियर झाला. नागपूरला होस्टेलात राहून शिकला, स्कॉलरशिप उशिरा आली तेव्हा मेसवाल्याच्या शिव्या खाल्ल्या, गेटची परीक्षा काढली आणि एका सरकारी कोळसा कंपनीचं नेमणूकपत्र घेऊन घरी आला. नाव लिहीत नाही. नोकरी नवी आहे आणि साहेबलोकांचे कान लांब असतात. फलकावर त्याचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोपेक्षा मोठा छापलाय. यात पोराचा दोष नाही, छापणाऱ्याचा आहे. आणि शुभेच्छुक म्हणून ज्या पुढाऱ्याचं तोंड खाली झळकतंय, त्यानं या पोराला वहीचा एक कागदसुद्धा कधी दिला नव्हता. असो.

या नोकरीवरून दोन तट पडलेत. दोन्ही तटांशी माझं भांडण आहे म्हणून हे लिहितोय.

पहिला तट गावाकडचा. पोराची आजी म्हणते, "लेकरा, मव्हं सारं आयुष्य खड्डे खांदण्यात गेलं. तू इतका शिकलास, आन परत खड्ड्यातच उतरायचं का?" आजीचं मी समजू शकतो. तिनं रोजगार हमीवर टोपल्यानं माती वाहिलीय. पण काका-मामा लगेच ओळखी हुडकायला लागले. कोणाचा साडू नागपूरच्या ऑफिसात, कोणाचा मेहुणा अमक्या आमदाराचा पीए. पोराला वरचं टेबल मिळावं, पंख्याखालचं, एवढीच धडपड. खाली जायचं ते बिहाऱ्यांनी जावं, गोंडांनी जावं. आपलं पोरगं आता साहेब आहे!

दुसरा तट मुंबईचा. म्हणजे आपलाच. चहाच्या गाड्यावर उभं राहून रोज संध्याकाळी क्रांती करणारा. या दोस्तांनी बातमी ऐकली आणि एक झुरका मारून निकाल दिला, "चला, अजून एक गेला. आता ब्लॉक घेईल, आडनाव बदलील, वस्तीकडे ढुंकून बघणार नाही." १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्यांवर किती चिडले होते ते यांना पाठ आहे. चीड खरीच होती. तिला कारणही होतं. पण ती चीड म्हणजे शिकलेल्या प्रत्येक पोराच्या कपाळावर उठवायचा शिक्का आहे काय? पोरगा अजून खाली उतरला नाही, त्यानं पहिला पगार उचलला नाही, आणि तुम्ही त्याला गद्दार ठरवून मोकळे! हे आळशी माणसाचं राजकारण आहे. त्याला काही करावं लागत नाही, फक्त तुच्छतेनं बघावं लागतं.

माझं म्हणणं साधं आहे. मायनिंग इंजिनियरच्या हातात पगारासोबत एक सही येते. खाली माणसं उतरवायची की नाही, हे त्या सहीवर ठरतं. हजार वर्षं खाली उतरलो आपण आणि सही केली दुसऱ्यांनी. आता सही आपल्यातल्या एकाच्या हातात येतेय, तर तिचं काय करायचं ते बोला.

आमच्या जिल्ह्यात कोळसा नाही. लोखंड नाही, मँगनीज नाही. आहे तो काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. वर काळी माती, मातीत हळद, सोयाबीन. मग हिंगोलीच्या पोराचा आणि खाणीचा संबंध काय, असं कोणी पांढरपेशा विचारील. त्यानं आमच्या विहिरीत वाकून बघावं. वरचा मुरूम पहारीनं निघतो, खालचा पाषाण सुरुंगाशिवाय हलत नाही. ट्रॅक्टरला जोडलेला कंप्रेसर भोकं पाडतो, भोकात तोटे भरतात, वायर लावून बार उडवतात. धूर निघून गेला न गेला की यारीच्या पाळण्यात उभी राहून माणसं खाली जातात आणि दगड भरतात. एखादा बार उडालेला नसतो. तो दगडाखाली गप्प बसून पहारीची वाट बघत असतो. ज्याची पहार त्याच्यावर पडते त्याचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींत येतं, 'मजूर' म्हणून. पाणी लागलं की नारळ मालक फोडतो.

खडी फोडली वडारांनी. बायांच्या हातात सुतकी, पाठीला बांधलेलं लेकरू, समोर दगडाचा ढीग. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर ही धरणं उभी राहिली तेव्हा पायाचा दगड कोणत्या जातींनी उचलला ते सांगायला इतिहासकार नको. कोनशिलेवर नाव मंत्र्याचं. या देशात खोदणारी जात वेगळी आणि मोजमाप लिहिणारी जात वेगळी, आणि पोटाला कोणाच्या काय येणार ते वहीवरून ठरायचं, खड्ड्यावरून नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण ही आपल्यातल्या वकिलांनासुद्धा माहीत नसते. १९५२ च्या खाण कायद्यानं दगडाच्या साध्या खदानीलाही खाणच म्हटलं होतं. सूट कुणाला, तर जिची खोली सहा मीटरच्या आत, माणसं पन्नासाच्या आत आणि जिथं स्फोटकं वापरत नाहीत तिला. तिन्ही अटी एकत्र हव्यात. म्हणजे बार उडाला की सूट गेली. मग तिथं लायक मॅनेजर पाहिजे, बार भरणाऱ्याजवळ त्याचं सर्टिफिकेट पाहिजे, हजेरीचं रजिस्टर पाहिजे, अठरा वर्षांखालचं पोर तिथं कामाला दिसता कामा नये. आता १९५२ चा कायदा गेला. २०२० ची कामगार सुरक्षेची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तो तिच्यात जमा झाला. तरी खाणीला लायक मॅनेजर पाहिजे हे या संहितेतही आहेच. दोस्तहो, तुमच्या तालुक्यातल्या खडी केंद्राच्या मागं जो साठ-सत्तर फुटांचा खड्डा आहे, तिथं असला मॅनेजर तुम्ही पाहिलाय? मी पाहिला नाही. मी पाहिला तो मुकादम, तंबाखू चोळणारा, 'हटो रे' म्हणून ओरडणारा. तोच मॅनेजर, तोच डॉक्टर, तोच पंचनाम्याचा पंच.

तहसील कचेरीला ब्रास मोजता येतात, कारण ब्रासवर स्वामित्वधन मिळतं. माणसं मोजायचं खातं धनबादला बसतं. खाण सुरक्षा महासंचालनालय त्याचं नाव. त्याची एक शाखा नागपूरला आहे, तेवढंच जवळ.

जाता जाता सांगतो. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला आकाशातल्या लाटा ऐकायची प्रयोगशाळा होतेय. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. २०१५ मध्ये अमेरिकेत असल्या यंत्रानं पहिल्यांदा जे ऐकलं ते १३० कोटी वर्षांपूर्वी आदळलेल्या दोन कृष्णविवरांचं. व्हावी प्रयोगशाळा, आपली पोरं तिथं शास्त्रज्ञ व्हावीत. माझा विज्ञानाशी काडीचा वाद नाही. पण त्याच तालुक्यात विहिरीच्या तळातून माणूस ओरडला तर ते ऐकायला कुठलं यंत्र बसवलंय?

हिंगोलीच्या उत्तरेची शीव पैनगंगेनं आखलीय. पलीकडं यवतमाळ. ही नदी पुढं वणी-घुग्घुसच्या पट्ट्यात जाऊन वर्धेला मिळते, आणि तिथं जमिनीच्या पोटात कोळसा आहे. आमचा पोरगा त्याच पाण्याच्या वाटेनं गेला म्हणा ना. चंद्रपूर, वणी, नागपूर या भागातल्या कोळशावर वेस्टर्न कोलफिल्ड्सचं राज्य. १९७३ मध्ये खाणी सरकारच्या झाल्या, १९७५ मध्ये कोल इंडिया आली आणि तिच्या पोटात ही. त्याआधी खाणी खाजगी मालकांच्या होत्या. त्यांनी कोळसा ओरबाडून काढला आणि माणसं फुकट वापरली.

आणि खाली कोण होतं? झरियाच्या पट्ट्यात पहिल्या पिढ्यांत कोळसा कापणारे आणि भरणारे संथाल, बाउरी, भुइयां. बाप कापायचा, आई टोपलं भरायची. तिथं १९४३ च्या डिसेंबरात एक माणूस सुटाबुटातला, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातला मजूरमंत्री, स्वतः खाणीत उतरला. बाबासाहेब! घटना लिहिणारे बाबासाहेब आपण पुतळ्यात बसवले, महाडचे बाबासाहेब गाण्यात बसवले, पण अंधारात वाकून चालणारे, भरणाऱ्यांच्या खोल्यांत डोकावून बघणारे बाबासाहेब आपल्याला आठवत नाहीत. १९४४ मध्ये कोळसा कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला तो त्यांच्याच खात्यातून.

त्यांच्याच काळात एक अवघड गोष्टही झाली, ती लपवू नका. १९३७ पासून बायांना जमिनीखाली काम करायला बंदी होती. १९४३ मध्ये युद्धासाठी कोळसा कमी पडला आणि सरकारनं ती उठवली. असेंब्लीत टीका झाली आणि उत्तर द्यायला मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबच उभे राहिले. बायांना पुरुषाइतकीच मजुरी मिळाली पाहिजे ही अट त्यांनी लावून धरली, आणि १९४६ मध्ये बंदी पुन्हा आली. सत्तेत बसलं की अशी सही करावी लागते, जी आपल्यालाच रात्री टोचत असेल. म्हणून सत्तेत बसूच नये काय? गाड्यावरच्या दोस्तांनी याचं उत्तर द्यावं.

आता पोराचं काम काय असतं ते सांगतो. मला तो फोनवर सांगतो, 'दादा, ऐक' म्हणून तासभर बोलतो.

पदवीधर म्हणून भरती झाला की आधी वर्षभर शिकाऊ, मॅनेजमेंट ट्रेनी. मूळ पगार ५०,०००, वर्ष पार पडलं की वरची श्रेणी, मूळ ६०,०००. आपल्या वस्तीत एवढा आकडा कोणी ऐकला नव्हता, त्यामुळं पोराला लगेच दोन मुली सांगून आल्या. पण हा आकडा म्हणजे काम नव्हे. काम म्हणजे पहाटेची पाळी. टोपीला दिवा, कमरेला बॅटरी आणि सेल्फ-रेस्क्युअरचा डबा. हा डबा विषारी वायूत माणसाला बाहेर पडण्यापुरता श्वास देतो. मग उतरायचं आणि चालायचं, कधी मैलभर.

पहिल्या दिवशी त्याला शिकवलं कोणी? प्राध्यापकानं नाही. एका म्हाताऱ्या मायनिंग सरदारानं. खदानीत छताला 'चाल' म्हणतात. सरदारानं त्याच्या हातात काठी दिली आणि म्हणाला, चाल ठोक आणि ऐक. टणक वाजली तर बरी आहे. ढोलासारखी पोकळ वाजली तर वर थर सुटलाय, खाली थांबू नको. मांगवाड्यातली हलगी ऐकत वाढलेल्या पोराला कातडं कधी ताणलेलं आणि कधी सैल, हे सांगावं लागत नाही. तो म्हणाला, "दादा, चार वर्षं रॉक मेकॅनिक्स शिकलो. पण कान मला सरदारानं दिला." हा सरदार कोण, तर खाली भरणारा म्हणून लागलेला आणि परीक्षा देत वर चढलेला माणूस. आपल्या पोरांनी हे लिहून ठेवावं की शहाणपण डिग्रीत संपत नाही, आणि डिग्री फेकून द्यावी असंही यातून निघत नाही.

खाली कोळशाचे खांब ठेवून गल्ल्या काढतात. शेवटी खांबही काढत काढत मागं सरकतात आणि मागचं छत पडू देतात. सगळ्यात जास्त कोळसा तेव्हा मिळतो आणि सगळ्यात जास्त धोकाही तेव्हाच. हवेत मिथेन शेकडा ५ ते १५ असला की ठिणगी पुरे. म्हणून सव्वा टक्क्यालाच वीज तोडायचा नियम आहे. प्राणवायू १९ टक्क्यांखाली गेला की ती जागा माणसाच्या कामाची राहिली नाही. हे सगळं पाळीपाळीला बघायचं, मोजायचं आणि वहीत लिहून खाली सही करायची. सरदार लिहितो, ओव्हरमन लिहितो, असिस्टंट मॅनेजर लिहितो, त्यांच्यावर मॅनेजर.

मॅनेजर होण्यासाठी नुसती डिग्री चालत नाही. खाणीत प्रत्यक्ष काम केल्याची मुदत भरावी लागते, वायू तपासण्याचं आणि प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट काढावं लागतं, मग धनबादच्या खात्याची परीक्षा. आधी दुसऱ्या वर्गाचं, मग पहिल्या वर्गाचं मॅनेजर सर्टिफिकेट. यातली मुदत कुठे भरते? खाली. पंख्याखाली भरत नाही. म्हणून काका-मामांनो, तुम्ही पोराला टेबल मिळवून द्याल तेव्हा त्याचा पगार तेवढाच राहील, पण त्याच्या हातची सही तुम्ही काढून घेतलेली असेल. तो बिलं पास करील, टिपणी लिहील, साहेबांच्या मीटिंगला चहा सांगील. आणि खाली कोण उतरावं ते दुसराच कोणी ठरवील, ज्याचं आडनाव आपल्याला आधीच माहीत आहे.

सहीचं एवढं काय लावलंय, असं वाटत असेल तर माझं ऐका. मी मॅट्रिक. गोदीत कंत्राटी मजूर. इंजिनियरिंगमधलं मला काही कळत नाही, पण फाळका कळतो. जहाजाच्या पोटात भंगार लोखंड असो, कोळसा असो, लाकूड असो, बंद फाळक्यात तो माल हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. वास येत नाही, रंग दिसत नाही. शिडीवरून खाली गेलेला माणूस गुडघ्यात वाकतो आणि त्याला काढायला गेलेला त्याच्यावर पडतो. म्हणून झाकण उघडून हवा खेळू द्यायची, मोजायची, मगच टोळी उतरवायची. एकदा आम्हाला भंगाराच्या फाळक्यात न मोजता उतरवलं. जहाजाला उशीर होत होता. अर्ध्या तासात डोकं गरगरायला लागलं, आम्ही शिव्या देत वर आलो. एक जण शिडीवरच ओकला. संध्याकाळी मी वही बघितली. हवा मोजल्याची वेळ लिहिलेली, आकडा लिहिलेला, खाली झोकदार सही. त्या सहीचा मालक मी ओळखतो. वाईट माणूस नव्हे. त्याला कोणीतरी वरून सांगितलं, त्यानं केली.

खाणीत असल्याच सह्यांनी माणसं मेली. १९५४ च्या डिसेंबरात छिंदवाड्याच्या न्यूटन चिकली खाणीत पाणी घुसलं, ६३ मेले. १९७५ च्या नोव्हेंबरात नागपूरजवळ सिलेवाड्याला पाणी घुसलं, १० मेले. त्याच वर्षी २७ डिसेंबरला धनबादच्या चासनाल्यात पाणी घुसलं, पावणेचारशे माणसं गेली. पाणी काही आभाळातून एकाएकी पडलं नव्हतं. साठलेल्या पाण्याच्या शेजारी किंवा खाली खाण चालली की मधली भिंत किती जाड ठेवायची याचा नकाशा असतो, नकाशावर सही असते. २०१६ च्या २९ डिसेंबरला झारखंडात ललमटियाच्या उघड्या खाणीत मातीचा डोंगर खाली आला, २३ गेले. तिथं काम ठेकेदाराकडं होतं. गेलेल्यांची नावं वाचा. आडनावावरून जात ओळखायचा धंदा सवर्णांचा, पण कधीतरी आपणही करून बघावा.

कायदा मॅनेजरला फक्त शिक्षेचा धनी करत नाही, त्याला काम थांबवायचा अधिकारही देतो. जागा धोक्याची दिसली की माणसं बाहेर काढा, हे तर सरदारालाही बंधनकारक आहे. म्हणजे चाल पोकळ वाजली, टनाचं टार्गेट अपुरं आहे, वरून फोन आलाय, आणि तुमच्या आजीच्या वयाचा माणूस खाली उभा आहे. तिथं 'काम बंद' लिहून सही करायची. मोर्चात घोषणा देण्यापेक्षा हे कठीण आहे. मोर्चात हजार माणसं असतात. तिथं तो एकटा असेल, आणि त्याच्या सीआरमध्ये काय लिहायचं ते फोनवाल्याच्या हातात असेल.

म्हणून आपण त्याला आत्ताच सांगून ठेवायला हवं की तू एकटा नाहीस. आणि हेही सांगायला हवं की न बघता सही केलीस तर आम्हीच पहिले येऊन तुला विचारू. दोन्ही सांगायला हवं. नुसता हार घातला तर तो माजेल, नुसतं हिणवलं तर तो पळेल. आजवर आपण या दोन्हीपैकीच काहीतरी केलंय.

जागा आहेत तोवर घ्या, हेही सांगतो. २०२२ मध्ये कोल इंडियानं १,०५० ट्रेनींची जाहिरात काढली, त्यातल्या ६९९ मायनिंगच्या होत्या. शेकडा पंधरा आपल्या. आपली किती पोरं मायनिंगला जातात? सगळ्यांना कॉम्प्युटर पाहिजे, पुण्यात एसी पाहिजे. पण ही दारं उघडी राहतील याचा भरवसा धरू नका. २०२० पासून कोळशाच्या खाणी खाजगी मालकांना विकायला मांडल्यात. तिथं आरक्षण नाही. कोल इंडियाचे कायम कामगार सव्वादोन-अडीच लाखांवर आलेत, एके काळी याच्या दुपटीहून जास्त होते. कोळसा कमी झाला नाही, उलट वाढला. काम ठेकेदाराकडं गेलं. कायम माणूस काढून ठेकेदाराचा माणूस घातला की संघटना मेली, आणि संघटना मेली की सहीला जाब विचारणारं कोणी उरत नाही.

पोरींबद्दल एक. बायांना जमिनीखाली बंदी होती म्हणून मायनिंगच्या डिग्रीला मुलींना दारच नव्हतं म्हटलं तरी चालेल. २०१९ मध्ये सरकारनं देखरेखीच्या आणि तांत्रिक कामासाठी ती उठवली. २०२१ मध्ये झारखंडातल्या चुरी खाणीत आकांक्षा कुमारी ही इंजिनियर पोरगी उतरली. उद्या कळमनुरीची पोरगी उतरली तर आजी काय म्हणेल ते मला ऐकायचंय.

आणि एक प्रश्न असा, ज्याला माझ्याजवळ गुळगुळीत उत्तर नाही. खाण कोणाच्या तरी जमिनीवर बसते. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरात लोखंड निघतं, आणि तो डोंगर माडिया गोंडांचा देव आहे. त्यांनी विरोध केला, अजून करतात. उद्या आपला पोरगा असल्या ठिकाणी खाजगी कंपनीत हेल्मेट घालून उभा राहिला, समोर माडिया बाया उभ्या राहिल्या, तर तो कोणाचा? पगार म्हणेल कंपनीचा. मी म्हणतो, पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. दोन्ही वाचल्याशिवाय त्यानं त्या डोंगरावर पाय ठेवू नये, आणि ग्रामसभेचा कागद खोटा दिसला तर तसं लिहावं. नोकरी जाईल? जाईल कदाचित. पण गावकुसाबाहेर ठेवलेल्यांच्या नातवानं दुसऱ्याला डोंगराबाहेर हाकलायचं, हे मला तरी पचत नाही. तुम्हाला पचत असेल तर या मासिकात लिहा, आपण भांडू.

परवा पोरगा सुट्टीवर येऊन गेला. २१ मार्च २०२४ ला पहाटे आमच्या भागात ४.५ चा भूकंप झाला होता, जुलैत पुन्हा तेवढाच. जमिनीतून गूढ आवाज येतात ही वसमत-औंढ्याकडची तक्रार त्याच्याही आधीची. गावानं त्याला घेरलं, "तू जमिनीचा साहेब ना रं, मग सांग, खाली काय वाजतंय?" तो म्हणाला, भूकंपाचं शास्त्र माझं नाही, विद्यापीठवाल्यांना विचारा. पण गावामागच्या खदानीत दुपारी बार उडतात तेव्हा सायरन वाजतो का, ते मला सांगा. कोणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "सायरन कशाचा, मुकादम वरडतो की."

तो दिवाळीत पुन्हा येतोय, आठ दिवस. कळमनुरी, औंढा, सेनगाव, वसमत इथल्या आपल्या पोरांनी तोवर एक काम करायचं. आपापल्या गावाभोवतीच्या खदानी आणि चालू असलेल्या विहिरी बघून यायच्या. खोली अंदाजे किती, बार कोणत्या वेळी उडतात, भरतो कोण, सायरन आहे का, अठराच्या आतली पोरं दिसतात का, एवढं वहीत लिहायचं. मजुरांची नावं लिहू नका, मालक त्यांनाच आधी काढतो. पोराचंही नाव कुठं येऊ देऊ नका. तो कागद वाचून कोणता नियम कुठं मोडला ते सांगेल, अर्ज आपण करू. नागपूरच्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टानं, पोच ठेवून. अर्जाखाली सही माझी घ्या, मला घालवायला गोदीतल्या हजेरीशिवाय काही नाही.